पार्सलच्या काट्यावरचा नवस

पोस्टमनने कार्ड आणून दिलं तेव्हा मी जात्यावर बसले होते. कार्ड वाचलं आणि पिठाने माखलेल्या हातांनी तशीच अंगणात येऊन ओरडले, "येतेय! मंगळवारी येतेय!" सात वर्षांची थोरली परसातून धावत आली, तिच्या मागे पाच वर्षांचा धाकटा आला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर पंचांग उघडून बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, आधी कोण येतंय ते सांग, मग ओरड."

येणार होती माझी मैत्रीण. येणार म्हणजे घरी नव्हे. ती जबलपूरहून सोलापूरला नणंदेच्या लग्नाला निघाली होती आणि मनमाडला गाडी बदलून आमच्या पुणतांबा स्टेशनावरून पुढे जाणार होती. आमच्याकडे ती गाडी पाच मिनिटं थांबायची. "खिडकीशी बसते, तू फलाटावर ये," एवढंच तिने लिहिलं होतं. पाच मिनिटं तर पाच मिनिटं! गेल्या आठ वर्षांत तीसुद्धा आमच्या वाट्याला आली नव्हती.

नगरला मुलींच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी भांडायची आणि ती मिटवायची, अशी आमची वाटणी होती. लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली. मी ह्या गोदाकाठच्या गावात मास्तरांची बायको होऊन आले आणि ती तोफांच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या नवऱ्याबरोबर थेट जबलपूरला गेली. त्यानंतर आमची मैत्री सगळी कार्डावर. मी कडेकडेने, आडवंतिडवं, पत्त्याच्या बाजूलासुद्धा लिहायची. तिचं अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर मोजका.

तिचं पहिलं मूल आठवड्यात गेलं. दुसरा मुलगा अकरा महिन्यांचा होऊन गेला. त्यानंतर तिचं जे कार्ड आलं त्यात तीनच ओळी होत्या. "घरातले देव मी ट्रंकेत घालून ठेवले आहेत. तू देवळात जातेसच, तर जा. पण तुझ्या देवाला माझ्याबद्दल काही सांगू नकोस." मी रडले आणि मला तिचा रागही आला. माझ्या देवाला मी काय सांगायचं हे ती कोण ठरवणार? पण उत्तरात मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

वर्षभराने तिने कळवलं की पुन्हा दिवस गेले आहेत. त्या पत्रात आनंदाचं एक अक्षर नव्हतं. ते वाचून मी डोक्यावरून पदर घेतला आणि तडक नदीकाठच्या महादेवाच्या देवळात गेले. तिथली रोजची पूजा मामंजींकडेच होती, त्यामुळे गाभारा मला घरच्यासारखाच. सांगू नकोस म्हटलं की मी सांगणारच, हा माझा स्वभाव. मी पिंडीवर हात ठेवला आणि बोलून मोकळी झाले, "ह्या खेपेचं लेकरू वर्षाचं होऊ दे. त्याच्या वजनाइतका गूळ तुझ्यापुढे ठेवीन आणि गावात वाटीन."

मामंजी मागे फुलं निवडत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "नवस छान बोललीस," ते म्हणाले, "पण लेकरू जबलपुरात आणि महादेव इथे. तोलायचं कसं?"

तो विचार मी केलाच नव्हता.

मुलगा झाला. जगला. भाद्रपदात वर्षाचा झाला. आता नवस फेडायची वेळ आली आणि माझी झोप उडाली. हे म्हणाले, "तिला लिही की, वजन कळव म्हणून." ह्यांना सगळं गणितासारखं सोपं वाटतं. वजन कशाला हवंय असं तिने विचारलं असतं तर काय लिहिणार होते? मामंजी रोज जेवताना आठवण करून देत, "नवस फार दिवस अंगावर ठेवू नये." आणि मार्गशीर्षात हे कार्ड आलं. लेकरू आपल्या पायांनी नसलं तरी आईच्या मांडीवर बसून आमच्या गावाला येत होतं!

मग घरात जी धांदल उडाली ती काय सांगू! लढाई नुकतीच संपली होती, साखर रेशनवर मिळायची, पण गुळाला आमच्या भागात तोटा नव्हता. मी गूळपापडीचे लाडू करायला घेतले. मोजून साठ वळले आणि माझ्या माहेरच्या जोडीच्या पितळी डब्यांपैकी एकात भरून वरच्या फळीवर ठेवले. मामंजींनी निर्णय दिला की लेकरू देवळात आणलंच पाहिजे असं नाही. वजन खरं कळलं म्हणजे झालं, तेवढा गूळ देवापुढे ठेवू. हे स्टेशनात जाऊन पार्सलबाबूला भेटून आले. त्याचा मोठा काटा, ज्यावर पेट्या आणि पोती तोलतात, तो आम्हाला दोन मिनिटं मिळणार होता. पार्सलबाबू ह्यांना म्हणाला, "मास्तर, ह्या काट्यावर बोकड तोललंय, केळीचं घड तोललं, पर पोरगं कदी तोललं न्हाई. आना तुमी, बगू."

मंगळवारी आम्ही गाडीच्या वेळेच्या तासभर आधीच फलाटावर हजर. मी जरीची साडी नेसले होते, ती नेसू नकोस असं ह्यांनी दोनदा सांगितलं म्हणून. मुलं स्वस्थ बसेनात. दोघंही आळीपाळीने काट्यावर चढून उड्या मारत होती आणि पार्सलबाबू खोटं खोटं रागावत होता. मी दर मिनिटाला रुळाकडे बघत होते. डब्याची कडी कोपरात अडकवलेली. सिग्नल पडला तेव्हा मी धाकट्याचा हात इतका घट्ट धरला की तो कळवळला.

गाडी आली. मी डब्यामागून डबा धावत बघत सुटले आणि मागून "अगं, अगं, इकडे!" असा आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. ती दारात उभी होती. वाळली होती, केस कानाशी पांढरे झाले होते, आणि हसली तेव्हा पुन्हा बाकावरची झाली. तिच्या कडेवर मोठ्या डोळ्यांचा मुलगा. आम्ही दोघी दारातच एकमेकींना मिठी मारून रडलो, हसलो, पुन्हा रडलो. हे मागून घड्याळ बघत म्हणाले, "साडेतीन मिनिटं राहिली."

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. नवस, गूळ, काटा, चल लवकर. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मुलाला घट्ट धरलं.

"काट्यावर नको," ती म्हणाली. "माझ्या दुसऱ्याला, गेला त्याला, दवाखान्यात दर सोमवारी तोलायचे गं. दर सोमवारी आकडा कमी यायचा. शेवटी शेवटी मी सोमवार उजाडू नये म्हणून रडायची. ह्याला मी एकदाही तोललेलं नाही. तोलणार नाही."

नवस माझा, पण भीती तिची. हिच्याच लेकराच्या सुखासाठी मागितलेलं आणि हिच्याच काळजाला सुरी लावायची वेळ माझ्यावर आली होती. तरी जीभ गप्प बसली नाही. "मग मी देवाला काय सांगू? परत घेतला म्हणू?" मी चिडून म्हणाले.

"मी तुला सांगितलं होतं ना, माझं काही सांगू नकोस म्हणून," ती म्हणाली.

तेवढ्यात धाकट्याने तिच्या साडीचा सोगा ओढला. "मावशी, मी मघाशी चढलो होतो त्या काट्यावर. ताई पण. पायाला गार लागतं. बाकी काही होत नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या पायांकडे बघितलं. गार्डाने शिट्टी तोंडाशी धरलेली मला दिसत होती. आणि तिने एकदम लेकरू माझ्या हातात दिलं. "तू घे. उचलून घेऊन उभी राहा, त्याला एकट्याला ठेवू नकोस. आणि आकडा मला सांगू नकोस!"

मी धावले. जरीची साडी, कडेवर लेकरू, मागे दोन मुलं, त्यांच्यामागे धोतर सावरत मामंजी. काट्यावर उभी राहिले. पार्सलबाबूने दांडीवरचं वजन सरकवलं आणि ओरडला, "एक मन बावीस शेर!" ह्यांनी ते तळहातावर लिहिलं. मी पुन्हा धावत सुटले. लेकरू तिच्या हातात दिलं आणि गाडी हलली. मग एकदम आठवलं, "अगं, डबा! डबा!" गाडीबरोबर चार पावलं पळत मी लाडवांचा डबा खिडकीतून आत कोंबला. तिचा हात माझ्या गालाला लागला आणि गाडी गेली.

नंतर मी एकटी काट्यावर चढले. "एक मन धा शेर!" पार्सलबाबूने साऱ्या फलाटाला ऐकवलं. माझं वजन मी आजवर ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी मला त्याचं काही नव्हतं. ह्यांनी वजाबाकी केली. बारा शेर! मी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी बारा शेर गूळ महादेवापुढे ठेवला आणि मामंजींनी आरती केली. गावातल्या पोरांनी तो दुपारपर्यंत संपवला. मी सुटले.

आता श्रावणात काय झालं ते ऐका. तिचं कार्ड आलं. "भाद्रपदात हा दोन वर्षांचा होईल. त्या दिवशी मी त्याला स्वतः काट्यावर ठेवायचं ठरवलं आहे. तुझ्या धाकट्याचं बोलणं मनातून जात नाही. पण मागचा आकडा माहीत असल्याशिवाय माझं धैर्य होणार नाही. तेव्हा किती भरला होता ते कळव. त्याहून जास्त भरला, की पुढे मी भिणार नाही."

मी उड्या मारल्या! खरोखर मारल्या, शेजारीण साक्षीला होती. लगेच कार्ड घेतलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "बारा शेर!" खाली रेघ मारली. कार्ड सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मामंजींच्या हातात दिलं. ते पोस्टात टाकायला पायात वहाणा घालत होते.

थोरली कोपऱ्यात वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "पण आई, काट्यावर तुझ्या हातात डबा होता."

"कोणता डबा?"

"लाडवांचा. बाळाला घेऊन चढलीस तेव्हा कोपरात होता. मग तो तू मावशीला दिलास. एकटी चढलीस तेव्हा नव्हता."

ह्यांनी हातातली वही मिटली. बारा शेर हा त्या लेकराचा आकडा नव्हता, त्यात माझे लाडूही धरले होते. तिने त्या आकड्यावर विसंबून मुलाला तोललं असतं, आणि तो अकरा भरला असता तर? पुन्हा आकडा उतरला असं तिला वाटलं असतं. माझ्या गडबडीने मी माझ्या मैत्रिणीच्या दारात पुन्हा तो सोमवार नेऊन ठेवला असता. मामंजींच्या हातातलं कार्ड मी हिसकावूनच घेतलं.

"रडू नकोस," हे म्हणाले. "डबा आणि लाडू किती भरतात ते काढू आणि वजा करू."

डब्याचा जोडीदार घरात होता, तेव्हा तो प्रश्न नव्हता. लाडू मी वळले तर माझ्याच मुठीचे होणार. "साठ होते," मी म्हणाले. "मोजून साठ."

थोरलीने धाकट्याकडे बघितलं आणि धाकट्याने छताकडे.

"खरं सांगा," मी म्हणाले. "आज कोणाला रागावणार नाही. महादेवाची शपथ."

"मी चार खाल्ले," धाकटा म्हणाला. "मी तीन," थोरली म्हणाली, "पण स्टूल ह्याने धरलं होतं." मी दोघांकडे डोळे वटारले, तर मामंजी खाकरले. "दोन माझ्याकडे मांड. नैवेद्याला म्हणून उचलले होते." मग मलाही सांगणं भाग पडलं की चव बघायला म्हणून एक मी खाल्ला होता. ह्यांनी सगळं पाटीवर मांडलं. साठातून दहा गेले, राहिले पन्नास. पाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पन्नास पुसून एकोणपन्नास केलं आणि म्हणाले, "एक मी."

महिन्याचं तूप एका दुपारी कढईत गेलं. मी एकोणपन्नास लाडू वळले आणि सगळ्या घराने माझ्याभोवती बसून ते मोजले. वाण्याकडे तराजू जवळ होता, पण मामंजी ऐकेनात. "तोच काटा हवा. त्याची काही चूक असलीच, तर दोन्ही वेळा तीच असू दे." मग आम्ही पुन्हा स्टेशनात. पार्सलबाबूने डबा काट्यावर ठेवलेला बघितला आणि म्हणाला, "ह्यावेळी लाडवाचा नवस हाय व्हय, वहिनी?" मी सगळी हकीकत सांगितली. तो हसायचा थांबला. त्याने काटा फडक्याने पुसला, दांडी सरळ आहे का ते वाकून बघितलं आणि वजन अगदी हळूहळू सरकवलं. "साडेतीन शेर. लई बारीक बगितलंय, वहिनी. बिनघोर लिवा."

बारातून साडेतीन गेले, राहिले साडेआठ. म्हणजे लेकरू लहानच होतं. मला हाताला तेव्हाच हलकं लागलं होतं, पण धावताना ते जाणवून घ्यायला मला वेळ कुठे होता! मी लिफाफ्यात सगळं खरं खरं लिहिलं. डबा, चोरलेले लाडू, मामंजींचा नैवेद्य, सगळं. शेवटी लिहिलं, "साडेआठ शेर. कमी वाटला तर माझ्यावर रागाव, पण हाच खरा आकडा आहे." लाडवांपैकी दहा पार्सलबाबूला दिले. बाकीचे त्या दिवशी कोणी चोरले नाहीत, सगळ्यांनी समोर बसून खाल्ले.

मग वाट बघणं सुरू झालं. भाद्रपद आला. गणपती आले, गेले. मी रोज देवळात जायची आणि काही न मागता परत यायची, कारण मागायची आता भीती वाटत होती. घरात सगळे पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर. धाकट्याला तर वाटायला लागलं होतं की मावशी त्याच्याच बोलण्यावरून बाळाला तोलणार, तर बाळ जड भरणंही त्याच्याच हाती आहे, म्हणून तो ताटातलं सगळं मुकाट संपवत होता.

एका सकाळी कार्ड आलं. पोस्टमनच्या हातातून ते थोरलीने घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागली. वर मायना नव्हता. मोत्यासारख्या अक्षरात एवढंच होतं.

"लाडू एकोणपन्नास नव्हते, अठ्ठेचाळीस होते. मी मोजले होते. आज सकाळी काट्यावर ठेवला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, ह्यांनी वाचून दाखवलं. पावणेअकरा शेर. तुझ्या देवाला सांग."

त्या एका लाडवाचा चोर आमच्या घरात आजवर कबूल झालेला नाही. पण त्या दिवशी तो शोधायला कोणाला सवड होती! मी चुलीवरचं पातेलं तसंच उतरवलं, मुलांचे हात धरले आणि निघाले. मामंजी पूजा आटोपून देवळाच्या पायरीवर बसले होते. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि म्हणाले, "मी नाही सांगणार. तूच सांग."

मी गाभाऱ्यात गेले. पिंडीवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि मला रडूच कोसळलं. तेव्हा धाकटा माझ्या पायाशी उभा राहिला आणि सगळा गाभारा दणाणेल एवढ्या मोठ्याने महादेवाला म्हणाला, "पावणेअकरा!"